मैदान गाजवले, पण मानाच्या पाटीवर नाव नाही

मे महिना लागला की मुंबई-गोवा महामार्गावरच्या आमच्या पाली गावात चाकरमान्यांच्या गाड्या थांबू लागतात. मुलेबाळे येतात, फणस फुटतात, लग्ने लागतात आणि कातळावर क्रिकेटचे सामने सुरू होतात. आमच्या वाडीचे गावमंडळ आणि मुंबई मंडळ मिळून दरवर्षी स्पर्धा भरवतात. मी पेशाने कारकून, त्यातून कॉमर्सचा पदवीधर. त्यामुळे वर्गणीचा हिशेब आणि सामन्याची गुणांची वही ही दोन्ही कामे न विचारता माझ्या गळ्यात पडतात.

गेल्या वर्षी स्पर्धेच्या आधी विहारात बैठक झाली. चषक देणारे ठरले. कोणी कालकथित वडिलांच्या स्मरणार्थ, कोणी आईच्या. उत्कृष्ट गोलंदाजाच्या चषकाचे पैसे मुंबईच्या एका कार्यकर्त्याने दिले होते आणि नाव तुम्हीच ठरवा, असा निरोप पाठवला होता. मी म्हणालो, “बाळू पालवणकरांचे नाव देऊ या.”

बैठकीत दोन उत्तरे आली. बारावीतला एक मुलगा म्हणाला, “काका, हा कोण? कुठल्या टीमचा?” आणि वाडीतले सगळ्यात वडीलधारे अण्णा म्हणाले, “बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला तो? त्याच्या नावाचा चषक आपल्या वाडीत नको.” मागून कोणीतरी हळूच पुस्ती जोडली, “आणि तो आपल्यातला तरी कुठे?”

एकाला नाव माहीत नाही आणि दुसऱ्याला त्या नावाची एकच गोष्ट माहीत आहे. चांगल्या खेळाडूंची नावे मानाच्या पाटीवर का चढत नाहीत, याचे निम्मे उत्तर मला त्या बैठकीतच मिळाले. उरलेले निम्मे वाचकांपुढे मांडतो.

कोण हे बाळू पालवणकर?

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यात पालवण नावाचे गाव आहे. पालवणकर हे आडनाव कोकणच्या मातीतले. पण बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीला. पुण्यात वाढलेल्या बाळूंना पहिले काम मिळाले ते पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रूळ फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. पुढे १८९२ मध्ये ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तिथे पगार ४ रुपये. जाळी लावायची, पट्टी आखायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. बॅट हातात घेण्याची संधी क्वचितच मिळे.

त्या क्लबात ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज होता. आपल्याला बाद केल्यास दर वेळी तो बाळूंना ८ आणे देई, असे सांगतात. महिन्याला ४ रुपये मिळवणाऱ्या माणसाला ८ आणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. डावखुऱ्या हाताने टाकलेला तो फिरकी चेंडू असा झाडणाऱ्या हातातून घडला.

पुण्यातल्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना संघात घ्यावे लागले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत होते. त्या चेंडूला विटाळ नव्हता. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. जेवण वेगळे. तोंड धुवायचे असेल तर मैदानाच्या कोपऱ्यात, दलित नोकराच्या हातून पाणी.

पुढे ते मुंबईत आले, रेल्वेत नोकरी करू लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. राज्यकर्त्यांचा पराभव म्हणून देशभर त्याचा गाजावाजा झाला. त्या संघात बाळू होते आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम हेही होते.

१९११ मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला. कप्तान होते पतियाळाचे तरुण महाराज. संघ सपाटून हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. एका बळीमागे १९ पेक्षाही कमी धावा. परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. हा बाळूंचा जमाखर्च. क्रिकेट कळणाऱ्या कोणालाही विचारा, ही सरासरी कोणत्याही काळात मोठ्या गोलंदाजाची आहे. मग हे नाव आपल्या पोरांना का माहीत नाही?

पहिले कारण : दार उघडण्याआधीच सामना संपतो

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २००९ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’ म्हणजे थोर खेळाडूंचे सन्मानदालन सुरू केले. आपल्याकडचे बेदी, कपिल देव, गावस्कर, कुंबळे, द्रविड, तेंडुलकर त्यात आहेत. विनू मंकड यांचा समावेश २०२१ मध्ये झाला. त्यांना जाऊन तेव्हा ४३ वर्षे झाली होती. पण या दालनात जायचे तर आंतरराष्ट्रीय सामन्यांतली कामगिरी लागते. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला. तेव्हा बाळू छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचे होते. अर्ज करण्याची तारीख निघाली तेव्हा उमेदवाराचे वय उलटून गेले होते, असाच हा प्रकार.

याला नुसते नशीब म्हणून सोडता आले असते. पण जो मान त्यांच्या काळात देता येत होता, तोही मिळाला नाही. हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंना कधीच दिले गेले नाही. दहा वर्षे मागणी होत राहिली. १९१३ मध्ये कप्तान झालेल्या एम. डी. पै यांनी स्वतःच्याच सत्कारात जाहीर सांगितले की, हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता. तरी निवड करणाऱ्यांचे मन वळले नाही. १९२० मध्ये तर बाळूंना आधी वगळले आणि त्यांच्या भावांहून कमी अनुभवाच्या खेळाडूकडे नेतृत्व दिले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे दोघे भाऊ निषेध म्हणून संघाबाहेर पडले. हा खेळाडूंचा सत्याग्रहच होता. त्याचा परिणाम झाला. अंतिम सामन्यात बाळू उपकप्तान झाले आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा त्यांनी संघ चालवला. नेतृत्व मिळाले, पण तासांच्या हिशेबाने. पुढे १९२३ मध्ये धाकटे विठ्ठल रीतसर कप्तान झाले आणि त्याच वर्षी हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्याने नांगरले आणि धाकट्याच्या हाती पीक आले.

हे दुखणे आपल्याच देशाचे नाही. अमेरिकेत बेसबॉल हा आपल्या क्रिकेटसारखाच बॅट-चेंडूचा, घराघरांतला खेळ. तिथे १९३६ मध्ये सन्मानदालनासाठी पहिली निवड झाली. नियम असा की मोठ्या लीगमध्ये दहा हंगाम खेळलेला खेळाडू हवा आणि पत्रकारांच्या मतदानात ७५ टक्के मते हवीत. नियम ऐकायला गोरगोमटा. पण मोठ्या लीगमध्ये काळ्या माणसाला प्रवेशच नव्हता! काळे खेळाडू आपल्या वेगळ्या लीगमध्ये खेळत. त्यांचा जोश गिब्सन नावाचा महान फलंदाज जानेवारी १९४७ मध्ये ३५ व्या वर्षी वारला. जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मोठ्या लीगमध्ये उतरला तो एप्रिल १९४७ मध्ये. अवघ्या तीन महिन्यांची चुकामूक.

पण अमेरिकेतल्या काळ्या समाजाने आणि काही न्यायी गोऱ्यांनी पाठपुरावा सोडला नाही. १९७१ मध्ये सॅचेल पेज या काळ्या गोलंदाजाचा मान ठरला. आधी बेत होता की काळ्या लीगच्या खेळाडूंसाठी दालनात वेगळा विभाग करायचा. म्हणजे मान द्यायचा, पण मातीच्या भांड्यात! त्यावर गदारोळ झाला आणि पेजला सर्वांच्या बरोबरीने जागा मिळाली. १९७२ मध्ये, म्हणजे आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी, गिब्सनचे नाव लागले. २०२४ मध्ये तर काळ्या लीगचे आकडे मोठ्या लीगच्या वहीत धरले गेले आणि फलंदाजीच्या सरासरीत गिब्सन सर्वांच्या वर गेला. मेल्यानंतर ७७ वर्षांनी. हे कशामुळे झाले? कोणीतरी जुन्या वर्तमानपत्रांतून एकेक सामना वेचून आकडे जुळवले म्हणून.

दुसरे कारण : जागा एक, लायक दोन

प्रत्येक वगळण्यामागे जातच असते, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर खऱ्या अन्यायाचेही वजन कमी होते. मुंबईचे पद्माकर शिवलकर पाहा. जन्म १४ एप्रिल १९४०. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकला तामिळनाडूविरुद्ध त्यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी बाद केले. एवढे करूनही एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. कारण बिशनसिंग बेदीही डावखुरे फिरकी गोलंदाज, आणि संघात त्या जातकुळीच्या गोलंदाजाला जागा एक. हरियाणाचे राजिंदर गोयल यांनी ७५० बळी घेतले. त्यांचेही तेच. २०१७ मध्ये क्रिकेट मंडळाने दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. उशिरा का होईना, जिवंतपणी दिला, हे महत्त्वाचे. गोयल २०२० मध्ये गेले आणि शिवलकर मार्च २०२५ मध्ये.

तिसरे कारण : कागद कोणी हलवायचा?

खाशाबा जाधवांचे नाव आपल्या सर्वांना ठाऊक आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडले. एवढा मोठा माणूस, पण १९८४ मध्ये अपघातात मृत्यू येईपर्यंत राष्ट्रीय सन्मान नाही. अर्जुन पुरस्काराच्या यादीत नाव आले ते मरणोत्तर, २००० सालासाठी.

मी कचेरीत वर्षानुवर्षे बसतो. मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. कागद आपल्या पायांनी चालत नाही. क्रीडा पुरस्कारांसाठी अर्ज, प्रमाणपत्रे, शिफारशी लागतात. ज्याच्यामागे संघटना, जिमखाना, ओळखीचे वर्तमानपत्र आहे त्याचा कागद पुढे जातो. पोलीस खात्यात नोकरी करून घर चालवणाऱ्या पैलवानाचा कागद हलवायला कोण जाणार? पद्म पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले आणि सहसा ते मरणोत्तर देत नाहीत. बाळू ४ जुलै १९५५ रोजी वारले. खिडकी उघडली तेव्हा त्यांच्या हाती जेमतेम वर्ष-दीड वर्ष होते.

आमच्याच वाडीचे उदाहरण सांगतो. माझ्या तरुणपणी आमच्याकडे एक फिरकी गोलंदाज होता. दिवसा गवंडीकाम, रविवारी सामना. एका मोठ्या संघाच्या निवडीला तो गेला, चांगला खेळला, पण यादीत नाव आले नाही. गाडीत जागा कमी पडली, असे कारण मिळाले. त्याचे मला दुःख आहेच. पण त्याहून मोठे दुःख हे की त्याने किती गडी बाद केले ते आज मी सांगू शकत नाही. त्या काळच्या वह्या मंडळाच्या पेटीत होत्या आणि पेटीला वाळवी लागली. त्यांनी यादीत घेतले नाही, हा त्यांचा दोष. आम्ही वही जपली नाही, हा दोष कोणाचा?

चौथे कारण : आपलाच राग

आता अण्णांच्या आक्षेपाकडे येतो. तो खोटा नाही आणि लपवण्यासारखाही नाही. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत बाळू होते. त्या वादात ते बाबासाहेबांच्या बाजूचे नव्हते. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब २,०२० मतांनी विजयी झाले. लोकांनी निकाल दिला आणि तो योग्यच दिला.

परिणाम असा झाला की बाळू कोणाचेच उरले नाहीत. ज्यांच्यासाठी त्यांनी सामने जिंकले त्यांनी कप्तानपद दिले नाही आणि नंतर नावही विसरले. रणजींच्या नावाने १९३४ पासून स्पर्धा सुरू झाली, देवधरांच्या नावाने १९७३ पासून. दोघेही मोठेच खेळाडू. पण बाळूंच्या नावाचा असा राष्ट्रीय चषक झाला नाही. आणि ज्यांनी १९११ मध्ये मानपत्र दिले त्या आपल्या समाजाने १९३७ चा राग धरून ते मानपत्रही पेटीत बंद केले. त्यातून ते दुसऱ्या पोटजातीचे, म्हणून आठवण ठेवण्याची जबाबदारी त्यांची, असे आपण मनातल्या मनात ठरवून टाकले. जातीची उतरंड मोडायला निघालेल्या माणसांनी असे म्हणावे काय?

अमेरिकेतही असा एक वाद आहे. पीट रोझ नावाच्या खेळाडूचे ४,२५६ यशस्वी फटके हा तिथला विक्रम. पण आपल्याच संघाच्या सामन्यांवर त्याने पैजा लावल्या, म्हणून १९८९ मध्ये बंदी आली आणि सन्मानदालनाचे दार बंद झाले. तो २०२४ मध्ये वारला. २०२५ मध्ये बंदीच्या यादीतून त्याचे नाव काढले. त्याचा गुन्हा खेळातलाच होता, म्हणून तिथे वाद होणे समजू शकते. बाळूंनी खेळात काय गुन्हा केला? त्यांचे राजकारण चुकले असेल. चेंडू चुकला नाही.

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आम्हाला शिकवले होते की, एका खात्यातली बाकी दुसऱ्या खात्यात ओढायची नाही. निवडणुकीचे खाते १९३७ ला बंद झाले. खेळाचे खाते वेगळे आहे, आणि त्यात समाजाकडून येणे बाकी आहे.

बैठकीत पुढे काय झाले?

हे सारे मी दुसऱ्या बैठकीत सांगितले. अण्णा गप्प ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारले, “चहा बाहेर दिला होता म्हणालास? मातीच्या भांड्यात?”

मी म्हणालो, “होय अण्णा. संघाला जिंकून देत होते, तरी.”

अण्णा म्हणाले, “आमच्या लहानपणी हॉटेलात आमची कपबशी बाहेर वळचणीला टांगलेली असायची. आम्ही प्यायची, आम्हीच धुवायची.” थोडा वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, “चषक गोलंदाजाचा ना? मग लाव त्याचं नाव. पण पाटीवर गोलंदाजीचंच लिहायचं. दुसरं काही नको.”

तसेच केले. पाटीवर आकडे कोरून घेतले : ३३ सामने, १७९ बळी. बक्षीस समारंभात बारावीतला तो मुलगा पाटी वाचून म्हणाला, “काका, १७९? आणि कप्तान नाही केला?” मी म्हटले, “हाच प्रश्न विचारत राहा.”

बंधू-भगिनींनो, मोठ्या दालनांच्या किल्ल्या आपल्या हातात नाहीत. पण चार गोष्टी आपल्या हातात आहेत. आपल्या मंडळाच्या सामन्यांची गुणांची वही ठेवा आणि तिची एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा. आपल्या वाडीत जुने कबड्डीपटू, मल्ल, क्रिकेटपटू हयात असतील तर त्यांच्याजवळ बसून साल, गाव, प्रतिस्पर्धी संघ असे लिहून घ्या. क्रीडा पुरस्कारांचे अर्ज निघतात तेव्हा ते भरायला शिकलेल्या पोरांनी मदत करा. पद्म पुरस्कारांसाठी तर आता कोणीही नागरिक नाव सुचवू शकतो. आणि चषकांना नावे देताना घरातल्या माणसांबरोबर एखादे नाव अशा खेळाडूचेही द्या, ज्याला त्याच्या काळाने नाकारले.

विठ्ठल पालवणकरांनी १९४८ मध्ये मराठीत स्वतःचे क्रीडाजीवन लिहून ठेवले. म्हणून या भावांची कितीतरी हकीकत आज हाती लागते. त्यांनी लिहिले नसते, तर यांतले बरेचसे वाळवीने खाल्ले असते.

जय भीम!